अंबाजीचा कान

नल्लकुंट्यातली जुनी माणसं गाडी बिघडली की ती दुरुस्तीला नेत नाहीत, अंबाजीला ऐकवायला नेतात. घरातून निघतानाच सांगतात, 'जरा अंबाजीला ऐकवून येतो.' भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत कडुलिंबाखाली त्याची पत्र्याची शेड आहे. तिला नाव नाही, पाटी नाही आणि पस्तीस वर्षांत कुणाला तिची गरजही पडली नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की अंबाजी हातातला पाना थांबवायचा, मान जराशी डावीकडे कलती करायचा, आणि गाडी शेडपुढे येऊन उभी राहीपर्यंत निकाल तयार असायचा. मालकाने तोंड उघडायच्या आत हा सांगून मोकळा, फॅन बेल्ट. किंवा, सायलेन्सरचा जोड सुटलाय. रस्ताभर घोकत आणलेली तक्रार सांगायची राहून गेली म्हणून मालक थोडा हिरमुसायचा, पण गाडी ठेवून जायचा.

हा कान अंबाजीने गावाहून आणलेला नव्हता. गाव भालकीच्या पलीकडे, निजामाच्या राज्यातलं. आता ते कर्नाटकात आहे, पण घरात बोलणं मराठीच. चौदाव्या वर्षी तो सिकंदराबादला रेल्वेत असलेल्या चुलत्याकडे आला. चुलत्याने महिनाभर त्याला शाळेत घालायचा प्रयत्न केला आणि मग हात टेकून बरकतपुऱ्यात उस्ताद मकबूल यांच्या गॅरेजात नेऊन सोडलं. उस्ताद म्हणजे काटक, उंच, पान खाणारा माणूस. कुणी सलाम केला तर दहातल्या सात वेळा त्याला उत्तर द्यायचे नाहीत, म्हणून मोहल्ल्यात त्यांना घमंडी म्हणत.

उस्तादांची एक रीत होती. आलेल्या गाडीला कुणी लगेच पाना लावायचा नाही. इंजिन चालू ठेवायचं, उस्ताद बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटणार, आणि अंबाजीला जवळ ओढून विचारणार, "बोल अंब्या, क्या बोल रई गाडी?"

मग अंबाजीने सांगायचं. टिकटिक येतेय का घरघर, थंड असताना येते का तापल्यावर, गाडी जागेवर असताना का चढावर. अर्धवट सांगितलं की डोक्यात टपली बसायची आणि पुन्हा ऐकावं लागायचं. सगळं सांगून झालं की उस्ताद डोळे उघडत आणि दोन शब्दांत दुखणं सांगत. ते कधी चुकले नाहीत. अंबाजी पहिली काही वर्षं रडकुंडीला यायचा, पण पाचव्या-सहाव्या वर्षी त्याच्या लक्षात आलं की आपल्याला न सांगताच सगळं ऐकू येतंय. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा कुठला व्हॉल्व्ह सैल आहे ते त्याला चहा पिता पिता कळायचं आणि त्या दिवसांत तो स्वतःवर फार खूश असायचा.

तेव्हाच्या हैदराबादेत ऐकायला जागाही होती. बरकतपुऱ्याहून नल्लकुंट्याला पायी येताना तीन-चार मोटारी भेटायच्या आणि त्यांतली प्रत्येक त्याच्या ओळखीची. डॉक्टरांची फियाट, वकीलसाहेबांची काळी अँबेसेडर, शाळेची एक खोकणारी व्हॅन. सकाळी सायकलवरून पावविक्या जायचा, त्याच्या घंटीचा आवाज शेवटी तुटायचा. दुपारी पिंजाऱ्याची तार वाजायची. गंगूशी लग्न झालं तेव्हा भाड्याच्या खोलीत ती पलीकडच्या नळावर पाणी भरत असली तरी तिच्या जोडव्यांचा फरशीवरचा आवाज त्याला खाटेवर पडल्या पडल्या यायचा, आणि आता उठलं पाहिजे असं कळायचं. ते दिवस आठवले की अंबाजीला आधी आवाज आठवतात, माणसं मागाहून येतात.

आणि दोन वर्षांपूर्वी हे सगळं वरच्या, बारीक सुरांच्या बाजूने झिजायला लागलं. पहिल्यांदा गेले ते डास. यंदा नल्लकुंट्यात डास नाहीत, महापालिकेने काहीतरी चांगलं केलं, असं तो आठवडाभर लोकांना सांगत होता आणि गंगू त्याच्या सुजलेल्या हातांकडे बघत होती. मग गंगूच्या मोबाइलची घंटी गेली. कुकरची शिट्टी तो वाफेवरून ओळखू लागला. माणसांचं बोलणं यायचं, पण बायका आणि लहान मुलं बोलू लागली की शब्दांचे काठ झडलेले असायचे. एके दिवशी एका गाडीच्या अल्टरनेटरचं बेअरिंग किंचाळतंय अशी तक्रार घेऊन माणूस आला, आणि अंबाजीने बॉनेट उघडून कान नेला तर तिथे काहीच नव्हतं. इंजिन खाली धडधडत होतं, वर शांतता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून त्याने त्याची मूठ दातांत धरून पाहिली, हाडातून तरी आवाज यावा म्हणून, तरी नाही. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही आणि पोट बिघडलंय म्हणाला.

कुणाला सांगायचं? मुलगा शिवराज पुण्याला, सून तिकडेच. नात योगिनी शिकायला म्हणून आजी-आजोबांकडे राहते, ती नऊ वर्षांची. गंगूला सांगावं तर ती उद्या सगळ्या गल्लीला विचारून कानाचे डॉक्टर शोधून काढणार. आणि ज्या माणसाकडे लोक गाडी ऐकवायला आणतात, त्याने कानाला यंत्र लावून बसायचं? अंबाजीने न सांगण्याचं ठरवलं. त्याने ते निभावलंही. पन्नास वर्षांचा अनुभव होता. गाडी पायाला, ढुंगणाला, तळहाताला बरंच सांगते. आणि बहुतेक गाड्यांची दुखणी त्याच त्या पाच-सहा जागची असतात. लोक तक्रार सांगायचे, हा मान कलती करून डोळे मिटायचा आणि गंभीर चेहऱ्याने होकार द्यायचा. ढोंग जमू लागलं तशी त्याची भीतीही कमी झाली.

अशात मार्च महिन्यात सुलभाबाई आल्या.

सुलभाबाई मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन नल्लकुंट्यात आलेल्या, त्यालाही आता चाळीस वर्षं होतील. गाणं शिकवतात. घरी गल्लीतल्या मुली येतात, योगिनीही त्यांच्यातच. आणि आठवड्यातून तीनदा त्या स्वतःची लहान पांढरी गाडी चालवत कुकटपल्लीला जातात. तिथल्या उंच इमारतींत पुण्या-मुंबईहून आलेली कॉम्प्युटरवाली मंडळी राहतात, आणि त्यांना आपल्या पोरांच्या कानावर चार सूर मराठीतून पडावेत असं वाटतं. गाडी वीस वर्षांची, घेतल्यापासून अंबाजीच्याच हातची. तिच्याबद्दल बाईंशी त्याचं एकच भांडण होतं. बाईंना सिग्नल हिरवा झाल्यावर गाडी वेळेत निघणार नाही याची धास्ती. म्हणून लाल दिवा असेतोवर पहिला गिअर टाकून क्लच तळापर्यंत दाबून उभ्या राहायच्या. सात वर्षांपूर्वी याच सवयीपायी क्लचचं रिलीज बेअरिंग खलास झालं होतं. क्लचवर पाय पडला की हे बेअरिंग पुढे सरकून फिरत्या प्रेशर प्लेटला टेकतं आणि इंजिन-गिअरबॉक्सची फारकत करतं. पाय काढला की ते सुटतं. तासन्‌तास दाबून धरलं तर बिचारं झिजणारच. न्यूट्रल करा बाई, पाय काढा, असं अंबाजी दर सर्व्हिसिंगला सांगायचा आणि बाई हो हो म्हणायच्या.

या वेळी बाईंची तक्रार अशी की सिग्नलला उभं राहिलं की एक बारीक आवाज येतो. तार सप्तकातल्या पंचमाच्या आसपास, किंचित कणसुरा, आणि तो सुरू झाला की त्यांना दातात कळ आल्यासारखं होतं. अनिलरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, ऐकू येत नाही. पण त्यांना गेल्या चाळीस वर्षांत बाईंनी सांगितलेलं काहीच ऐकू आलेलं नाही, तेव्हा ते सोडा.

अंबाजी गाडीत बसला. बाई खिडकीशी उभ्या. इंजिन चालू करून त्याने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. त्याच्या कानाला काहीच आलं नाही.

"येतोय ना?" बाईंनी विचारलं.

"येतोय की," अंबाजी म्हणाला.

त्याच क्षणी एक साधा प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ज्याला ऐकू येतं तो विचारत नाही, आणि अंबाजीला ऐकू येत होतं ना. शिवाय त्याला विचारायची गरजच वाटली नाही. सिग्नलला आवाज, सिग्नलला बाईंचा पाय क्लचवर, पाय क्लचवर असताना आवाज म्हणजे रिलीज बेअरिंग. तो बाईंना त्यांच्या नवऱ्यापेक्षा चांगला ओळखत होता. त्याने सांगितलं, पुन्हा तेच बाई, गाडी ठेवून जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली. गिअर ऑइल काढलं, चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे ओढून घेतले, बोल्ट सोडले आणि जॅकवर लाकडी फळी ठेवून गिअरबॉक्स हळूहळू खाली उतरवला. सहासष्टाव्या वर्षी हे काम एकट्याने करताना कंबर बोलते, पण हात अजून चुकत नाहीत. फोर्कवरची क्लिप काढून त्याने बेअरिंग बाहेर घेतलं, फडक्याने पुसलं आणि सवयीने बोटावर फिरवलं.

बेअरिंग चांगलं होतं.

ते जडपणे, सावकाश, लोण्यातून फिरावं तसं फिरलं. मेलेलं बेअरिंग असं फिरत नाही. ते भुर्र करून सुटतं आणि बोटाला खडा लागल्यासारखं लागतं. अंबाजीने ते तीनदा फिरवलं. गिअरबॉक्सचा पुढचा दांडा धरून तोही फिरवला. बोटांना काही लागलं नाही. लागायला कान हवा होता. शेडच्या दारात ऊन आलं होतं आणि तो बराच वेळ ते बेअरिंग मुठीत घेऊन उकिडवा बसून राहिला. आपण चुकलो हे त्याला कळलं होतं, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. नंतर त्याने स्वतःही ते नाकारलं नाही.

पण त्या वेळी त्याने काय केलं, तर नवीन बेअरिंग बसवलं. दांड्याच्या खाचांना पातळ ग्रीस लावलं, प्लेट मधोमध धरली, गिअरबॉक्स वर चढवला, क्लचच्या तारेला बोटभर ढील दिली. काम असं नेटकं की उस्तादांनी पाठीवर हात फिरवला असता. सात वर्षांचं बेअरिंग, आज ना उद्या जाणारच होतं, असं त्याने मनाला समजावलं. संध्याकाळी बाई आल्या, बसल्या, इंजिन चालू केलं आणि त्यांनी भुवया आवळल्या.

"अजून आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई. गेला. आता एकदम साफ."

"नक्की?"

"नक्की."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मान हलवून त्यांनी गाडी गल्लीबाहेर नेली आणि अंबाजीने हात धुतले.

नंतरचे दहा दिवस बाई आल्या नाहीत, तेव्हा आवाज गेला असावा अशी अंबाजीने स्वतःची समजूत घालून घेतली. अकराव्या दिवशी मंगळवार होता, योगिनीच्या गाण्याचा आठवड्यातला एकच वार. गंगू योगिनीला गाण्याच्या क्लासला सोडायला गेली आणि पंधरा मिनिटांत तिला घेऊन परत आली. क्लास बंद झालाय म्हणाली. फक्त आजचा नाही, कायमचा. बाई मुलींसाठी दुसरीकडे विचारपूस करायल्यात, कुकटपल्लीचे क्लाससुद्धा सोडलेत.

"असं कसं एकाएकी?" अंबाजीने विचारलं.

गंगू त्याच्या समोर बसून मोठ्यानेच बोलली. दोन वर्षांत तिला मोठ्याने बोलायची सवय झाली होती, का ते तिने कधी विचारलं नव्हतं. "कान गेला म्हनत्यात बाई. कानात सारखा एक सूर वाजायलाय म्हनं, गाडीत बसल्यावर. मी म्हनलं, गाडीतच आसल की. तर म्हनल्या, नाही गंगूबाई, अंबाजीरावांनी स्वतः ऐकून सांगितलंय, गाडीत आवाज नाही. मग माझ्याच कानात आहे. आन् ज्याच्या कानात भलता सूर वाजतो त्यानं पोरींना सूर शिकवू नये."

अंबाजी उठून शेडवर गेला. काम नव्हतंच. पाने पुसून खिळ्यांना लावले, पुन्हा काढले. आणि त्या संध्याकाळी, भाजीबाजाराचा गलबला पलीकडे चाललेला असताना, त्याला उस्ताद आठवले. बॉनेटवर तळहात ठेवलेले, डोळे मिटलेले. आणि पन्नास वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्याला पहिल्यांदा दिसली. उस्तादांना ऐकू येत नव्हतं.

सलामाला उत्तर न देणारे उस्ताद. रेडिओ इतका मोठ्याने लावून शेजारच्या इराणी हॉटेलवाल्याला भांडायला यायला लावणारे उस्ताद. टिकटिक आहे का घरघर, नीट सांग, थंड असताना का तापल्यावर, असं खोदून खोदून विचारणारे उस्ताद. अंबाजीला वाटायचं, हे आपल्याला शिकवतायत, आपली परीक्षा घेतायत. ते नुसते विचारत होते. त्यांच्यापाशी ज्ञान होतं आणि कान नव्हता. अंबाजीपाशी कान होता आणि अक्कल नव्हती. सोळा वर्षं दोघांचा मिळून एक माणूस होत होता आणि त्यातल्या एकाला ते माहीतच नव्हतं.

अंबाजीला रडू आलं. उस्ताद जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. त्यांच्या मातीला तो गेला होता तेव्हाही इतका रडला नव्हता. शेवटची काही वर्षं उस्ताद गॅरेजच्या ओट्यावर बसायचे, अंबाजी भेटायला जायचा, त्याला बघून त्यांचा चेहरा खुलायचा आणि ते त्याच्या ओठांकडे बघत बसायचे. त्याला ते म्हातारपण वाटलं होतं. एकदा जवळ बसून मोठ्याने चार शब्द बोललो असतो तर, असं त्याच्या मनात आलं आणि ते त्याला सोसेना.

पण त्याच वेळी दुसरीही एक गोष्ट त्याला दिसली आणि तिने त्याला जास्त टोचलं. उस्तादांनी बहिरेपण लपवलं असेल, मोहल्ल्याकडून घमंडी म्हणवून घेतलं असेल. पण गाडीसमोर उभं राहिल्यावर त्यांनी ऐकू येतंय असं कधी म्हटलं नाही. ते प्रत्येक वेळी विचारत. अंबाजीने विचारलं नव्हतं. त्याने मान डोलावली होती.

सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो बाईंच्या इमारतीत गेला. गाडी खाली सेलरमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी होती, तिच्यावर धूळ बसली होती. त्याने बाईंना किल्ली घेऊन खाली बोलावलं. त्या आल्या, चार दिवस न झोपलेल्या माणसासारख्या दिसत होत्या. पुन्हा कशाला बघताय, गाडी ठीक आहे, अशा अर्थाचं काहीतरी त्या म्हणाल्या.

"बाई, गाडीत आवाज आहे," अंबाजी म्हणाला.

"तुम्हीच म्हणालात, गेला."

"मला ऐकूच येईना बाई. दोन साल झाले. बारीक आवाज कानाला लागतच नाही. त्या दिवशी बी लागला नव्हता. आन् बेअरिंग काढलं ते चांगलं होतं, हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं मला. तरी मी गप बसलो. तुमचा कान चांगलाय. माझा गेलाय."

बाई काही तरी बोलल्या. सेलरमध्ये पाण्याची मोटर चालू होती आणि त्यांचा आवाज आधीच हलका. अंबाजीला ओठ हललेले दिसले, एवढंच. त्याने मान खाली घालून सांगितलं, ऐकू नाही आलं बाई, पुन्हा सांगा.

आणि बाईंना ते पुन्हा सांगावं लागलं.

"आठवडाभर मी तंबोऱ्याला हात लावलेला नाही, अंबाजीराव," त्या त्याच्याजवळ येऊन, एकेक शब्द सोडवून म्हणाल्या. "मला वाटलं, माझं संपलं."

पहिल्यांदा सांगताना ते बहुधा नुसतंच निसटलं असावं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि राग आला. तो राग अंबाजीने उभ्या उभ्या घेतला. माफी मागायची म्हणून तो वाक्य ठरवून आला होता, पण ते आठवेना. थोड्या वेळाने बाईंनी पदराने डोळे पुसले, गाडीचं दार उघडलं आणि शेजारच्या सीटकडे बोट दाखवलं. गिऱ्हाइकाच्या गाडीत डाव्या बाजूला अंबाजी जन्मात पहिल्यांदा बसला.

इंजिन चालू झालं. अंबाजीने गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला आणि बाईंना विचारलं, आता आहे का आवाज. आहे. क्लच दाबा. गेला. सोडा. आला. पुन्हा दाबून धरा. नाही, आता नाही. थंड गाडीत जास्त येतो का तापल्यावर? तापल्यावर. सूर चढा का उतरता? चढा. बाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि उत्तरं देत होत्या, आणि तिसऱ्या-चौथ्या उत्तराला अंबाजीला दुखणं कळलं. पाय सोडल्यावर आवाज म्हणजे रिलीज बेअरिंग नव्हेच. पाय सोडला की इंजिनाबरोबर फिरू लागतो तो गिअरबॉक्समध्ये शिरणारा दांडा, त्याचं बेअरिंग, आतलं.

"पण बाई," तो गोंधळून म्हणाला, "सिग्नलला तर तुम्ही पाय दाबून धरता."

"तुम्हीच नाही का सांगितलंत?" बाई म्हणाल्या. "मागचं बेअरिंग गेलं तेव्हापासून न्यूट्रल करते. पाय काढून बसते."

अंबाजीने कपाळावर हात मारला. वीस वर्षं तो जे सांगून थकला होता ते बाईंनी केव्हाच ऐकलं होतं, आणि म्हणूनच ते काढलेलं बेअरिंग नव्यासारखं होतं. आपलं बोलणं कुणी मनावर घेईल ही शक्यता तेवढी त्याने धरली नव्हती. बाईंना हसू आलं. मग तोही हसला, पण त्याला नीट हसता आलं नाही.

गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवला, उघडला. या वेळी शेडमध्ये बाई स्टुलावर बसून होत्या. त्यांनीच तसा हट्ट धरला. दांड्यावरचं बेअरिंग ओढून काढलं आणि अंबाजीने ते त्यांच्या कानाशी नेऊन फिरवलं. बाईंनी तोंड वाकडं केलं. हाच, म्हणाल्या. नवीन बेअरिंग तीन दिवसांनी आलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी घोड्यांवरून उतरली.

गल्लीत तेव्हा नेहमीची वर्दळ होती. समोरच्या चहावाल्याकडे पौना चहा पिणारे चार जण, स्कूटर टेकवून गप्पा मारणारे केशवराव, दळण घेऊन निघालेल्या बायका. बाईंनी इंजिन चालू केलं. अंबाजी बॉनेटपुढे उभा राहिला. त्याने मान कलती केली नाही, डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी काचेपलीकडच्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. बाईंनी पाय दाबला असावा, सोडला असावा. त्यांचा चेहरा काही सांगेना. बराच वेळ गेला. शेवटी त्यानेच विचारलं, "बाई, हाय का गेला?"

काचेआड बाईंचे ओठ हलले. अंबाजीने कानामागे हात धरला. भर गल्लीत, केशवराव बघत असताना, चहावाला बघत असताना धरला.

बाईंनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि चाळीस वर्षं गाण्यात कमावलेला सगळा आवाज लावून ओरडून सांगितलं, "गेला, अंबाजीराव!"

केशवरावांच्या गप्पा थांबल्या. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. गल्लीतल्या प्रत्येकाला त्या एका आवाजात समजायचं ते समजलं, आणि अंबाजीला दोन वर्षं ज्याची भीती होती तसं काहीही झालं नाही, कुणी हसलं नाही. बाई खरं सांगतायत का हे त्याच्या कानाने पडताळून बघता येणार नव्हतं, आता कधीच येणार नव्हतं. त्याने बॉनेटवरून हात फिरवला आणि बाईंचा शब्द धरून पाने आवरायला घेतले.